आधी पैसे, मग छपाई

गाड्यांची हौस असलेल्यांचा एखादा क्लब आपल्याच सभासदांच्या गाड्यांच्या फोटोंचे कॅलेंडर काढायचे ठरवतो, तेव्हा पहिले कित्येक दिवस बोलणे फक्त फोटोंवर चालते. मुखपृष्ठावर कोणाची गाडी घ्यायची, जुलैला केशकाल घाटातला धुक्याचा फोटो बरा की चित्रकोटच्या धबधब्याजवळचा, सिरपूरच्या विटांच्या देवळाच्या वाटेवर उभी केलेली जुनी फियाट जानेवारीला शोभेल की मार्चला. प्रती किती छापायच्या हा विषय अगदी शेवटी निघतो आणि अंदाजानेच मिटतो: ग्रुपवर दीडशे जण आहेत, शंभर तरी खपतीलच. मला हा क्रम चुकीचा वाटतो. सगळ्यांनी मिळून काही छापून घ्यायचे असेल तर आकडा सर्वांत आधी यायला हवा आणि तो पैशांसकट यायला हवा. छापखान्याचे गणित हे त्यामागचे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण क्लबाच्या अस्तित्वाशी जोडलेले आहे. अजून न छापलेल्या वस्तूसाठी पन्नास माणसे आपापले पैसे एका सभासदाच्या हाती सोपवतात, तेव्हा क्लब उभा राहतो. तोवर ती एकाच आवडीच्या माणसांची यादी असते. रायपूरच्या मराठी माणसाला यासाठी लांबचे दाखले शोधायला नकोत. या शहराशी नाते असलेल्या तीन मराठी माणसांनी छपाई आणि सामाईक पैसा यांच्याबाबत जे करून पाहिले, ते पुरेसे बोलके आहे.

आधी छापखान्याचे गणित. ऑफसेटवर रंगीत पान छापायचे म्हणजे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया आणि त्यांच्या चार प्लेटा. मुखपृष्ठ धरून कॅलेंडरची तेरा पाने होतात. एका शीटवर दोन-चार पाने बसवली तरी प्लेटांचे बरेच संच लागतात, आणि प्रत्येक संच मशीनवर चढवून रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो तो वेगळा. हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत बाहेर पडण्याआधीच झालेला असतो. पन्नास प्रती छापा की पाचशे, तो तेवढाच राहतो. समजा, हा ठरलेला खर्च अठरा हजार आहे आणि पुढे दर प्रतीला कागद, शाई आणि वायरो बाइंडिंग मिळून नव्वद रुपये पडतात. साठ प्रतींना एक प्रत तीनशे नव्वदला पडेल, दोनशे प्रतींना एकशे ऐंशीला, तीनशेंना दीडशेला. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की तीनशेच छापाव्यात, स्वस्त पडतील. नेमकी इथेच फसगत होते. तीनशे छापल्या आणि दीडशे रुपयांना एकशेवीसच गेल्या, तर खर्च पंचेचाळीस हजार आणि हाती आले अठरा हजार. उरलेले सत्तावीस हजार कोणाचे? ज्याने छापखान्याला शब्द दिला त्याचे. शिवाय कॅलेंडर ही टिकणारी वस्तू नाही. पुस्तक पाच वर्षांनी विकता येते, टी-शर्ट पुढच्या मेळाव्यात खपतो. कॅलेंडरला संक्रांतीनंतर गिऱ्हाईक नाही आणि होळीनंतर ती रद्दी आहे. म्हणून एकत्र मागणीच्या सगळ्या प्रकारांत कॅलेंडर सर्वांत कठोर आहे. त्यात चुकलेला अंदाज सुधारायला वेळच मिळत नाही.

अंदाज नेहमी जास्तच का निघतो, याचेही कारण आहे. 'मला दोन प्रती' असे म्हणायला काही लागत नाही. म्हणणारा खोटे बोलत नसतो, त्या क्षणी त्याला त्या खरोखरच हव्या असतात. पण हवे असणे आणि घेणे यांच्यामध्ये दोन महिने असतात, दिवाळीचा खर्च असतो, गाडीचा विमा भरायचा असतो, आणि डिसेंबरात बदलीचा हुकूम आलेला असतो. बोलण्यातला होकार या सगळ्यातून टिकून राहत नाही. पैसे भरलेला होकार टिकतो, कारण त्या माणसाचा निर्णय होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागत नाही.

त्या तिघांपैकी पहिले माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. ते पेंड्र्याहून निघत असे. सप्र्यांच्या जोडीला रामराव चिंचोलकर संपादक होते, प्रकाशक वामन बळीराम लाखे होते, आणि सुरुवातीची छपाई रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये होत असे. पुढे ती नागपूरला गेली. घरी मराठी बोलणाऱ्या या तिघांनी ते ज्या प्रदेशात राहत होते त्याच्या भाषेत मासिक काढले, आणि गुणवत्तेत ते कुठेही कमी नव्हते. अनेक अभ्यासक हिंदीतली पहिली लघुकथा म्हणून जिचे नाव घेतात, ती सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' याच मासिकात १९०१ साली आली. तरीही डिसेंबर १९०२ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे ते बंद करावे लागले. तीन वर्षे. मजकूर कमी पडला म्हणून ते थांबले नाही. अंक आधी छापायचा, टपालाने पाठवायचा आणि वर्गणीची वाट पाहायची, या रीतीने त्या काळची कितीतरी मासिके खचली. वाचणारे होते, वाखाणणारेही होते, पण छापखान्याचे बिल वाखाणणीतून भागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका ध्येयवादी मासिकाशेजारी गाड्यांचे कॅलेंडर आणून बसवणे काहींना रुचणार नाही. हेतूंची तुलना मी करत नाही. हेतू इतका मोठा असूनही पैशाचा क्रम चुकला की काय होते, एवढेच त्यातून दिसते.

रायपूरशी नाते असलेला दुसरा माणूस उलट दिशेने गेला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि मराठीत ज्ञानकोश करायचा असे त्यांनी ठरवले. सरकारी मदत नाही, संस्थानिकाचा आश्रय नाही. त्यांनी नागपुरात कंपनी काढली, भाग विकले आणि गावोगाव फिरून ग्राहक मिळवले; तेही असे ग्राहक, ज्यांना दाखवायला हातात पूर्ण ग्रंथ नव्हता. १९२० पासून पुढच्या काही वर्षांत 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड बाहेर पडले. त्या उद्योगाची हकीकत केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच सांगितली, आणि विद्वानाने हिशेब आणि व्यवहार यांवर एवढे लिहावे याचे मला फार मोल वाटते. केतकरांच्या योजनेतले मर्म हे की गिऱ्हाईक वस्तू पाहून पैसे देत नाही, करणाऱ्यांना पाहून देतो. तयार माल विकत घेताना माणूस ग्राहक असतो. न झालेल्या कामाला पैसे देताना तो भागीदार होतो, आणि काम रखडले तर विचारायचा हक्कही त्याला मिळतो. मराठीत पुढे प्रकाशनपूर्व सवलतीची जी पद्धत रुळली, आणि १९७४-७५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांना सभासद करून जी चळवळ चालवली, त्या दोन्हींच्या बुडाशी हाच विश्वास होता.

वामनराव लाखे यांचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यांनी दोन्ही टोके पाहिली. 'छत्तीसगढ़ मित्र'चे प्रकाशक म्हणून तोटा त्यांनी जवळून अनुभवला, आणि दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. छत्तीसगडच्या सहकारी चळवळीचा आरंभ त्यांच्या नावाशी जोडला जातो. शहरातला लाखे नगर हा भाग आज त्यांचे नाव सांगतो. मासिकातल्या अनुभवातून ते सहकाराकडे वळले, असा दावा मी करणार नाही. पण सहकाराचे पहिले तत्त्व आणि एकत्र मागणीचे पहिले तत्त्व एकच आहे. आधी प्रत्येकाने आपला वाटा टाकायचा, मग जमलेल्या रकमेच्या बळावर सर्वांनी मिळून असे काही करायचे जे एकट्याला महाग पडले असते. आणि दुसरे तत्त्व असे की ज्याच्या हाती पैसे आले त्याने हिशेब उघडा ठेवायचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो मनापासून घेतला जातो. रविवारी सकाळी तेलीबांध्याला भेटणारी, एकमेकांच्या गाडीखाली शिरून हात काळे करणारी माणसे. त्यांच्याकडून छपाईआधी पैसे मागायचे म्हणजे अविश्वास दाखवणे झाले, मैत्रीत असे चालत नाही. मला हे उलट दिसते. 'पैसे नंतर द्या' असे म्हणणारा संयोजक उदार असतो खरा, पण त्याच्या उदारपणाचे ओझे पुढे सगळ्यांवर पडते. जानेवारीत त्याला प्रत्येकाला आठवण करावी लागते. दुसऱ्या आठवणीला त्याचा स्वर बदलतो, तिसऱ्या आठवणीला समोरचा फोन उचलत नाही, आणि दोनशे रुपयांवरून दहा वर्षांची मैत्री अवघडते. आधी पैसे घेतले की हा प्रसंगच येत नाही. शिवाय विश्वास कोण कोणावर टाकतो हेही पाहावे. नंतर पैसे देण्याच्या रीतीत एकटा संयोजक साठ जणांवर विश्वास टाकतो आणि धोका सगळा त्याचा. आगाऊ रीतीत साठ जण एकावर विश्वास टाकतात. प्रत्येकाचा धोका एका प्रतीपुरता आणि संयोजकावर जबाबदारी साठांची. ती त्याने नीट पेलली तर क्लबाला एक खजिनदार मिळतो, आणि गाड्या हौसेने पुसणारे पुष्कळ असले तरी असा माणूस विरळा असतो. त्याने करायचे तरी काय? कोणी कधी किती भरले याची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवायची, छापखान्याचे बिल जसेच्या तसे दाखवायचे, आणि भाडे-पॅकिंगचा खर्च आधीच सांगून टाकायचा. भिलाईच्या प्रतींचा एक गठ्ठा, बिलासपूरच्या प्रतींचा एक आणि नागपूरकरांचा एक, असे करून गावागणिक एका सभासदाने वाटप अंगावर घेतले तर तो खर्चही बराच खाली येतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कॅलेंडर ही आपल्याकडे फुकट मिळणारी वस्तू आहे. विमा एजंट देतो, सराफ देतो, बँक देते. गाड्यांच्या जगातले सर्वांत गाजलेले कॅलेंडरसुद्धा, पिरेली या टायर कंपनीचे, १९६४ पासून निवडक गिऱ्हाइकांना भेट म्हणून गेले, ते दुकानात विकले जात नाही. आणि तारीख पाहायला आता खिशातला फोन आहे. मग पैसे भरून कॅलेंडर का घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर मराठी घराने १९७३ पासून दिलेले आहे. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' लोक विकत घेतात, कारण त्यांच्या घराला ज्या दिवसांची गरज आहे ते दिवस त्यात नेमके असतात. सराफाच्या कॅलेंडरात सराफाला हवे ते असते. भेट मिळालेले कॅलेंडर देणाऱ्याच्या मनाप्रमाणे होते, मागवलेले कॅलेंडर मागवणाऱ्यांच्या. रायपूरमध्ये हा फरक किती खोल जातो हे तारखांचे चौकोन भरायला बसल्यावरच कळते. इथे शेजाऱ्यांचे महिने पौर्णिमेला संपतात, मराठी घराचे अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात नावे वेगळी होतात. महाशिवरात्र मराठी घरात माघात येते, शेजारच्या घरात फाल्गुनात, आणि दिवस मात्र तोच. हरेली छत्तीसगडी माणसासाठी श्रावणातली अमावास्या आहे, आणि त्याच दिवशी मराठी घरात आषाढातली दिव्यांची अवस असते. पोळ्याच्या महिन्याला छत्तीसगडी घरात भादो म्हणतात, मराठी घरात श्रावण. या शहराच्या क्लबात दोन्ही घरांची माणसे आहेत. मुंबईत किंवा दिल्लीत छापलेले गाड्यांचे कुठलेही कॅलेंडर हे दोन महिने एका चौकोनात मांडणार नाही.

हरेलीचे महत्त्व गाडीवाल्यांना तर विशेष वाटायला हवे. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन पुसून त्यांची पूजा करतो, चीला करून नैवेद्य दाखवतो, पोरे गेडीवर चढून चिखलातून चालतात. मराठी घर हेच दसऱ्याला करते: दारातल्या गाडीला हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. कारखान्यांत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते. माणसाने आपल्या हत्याराचे ऋण मानण्याचे तीन दिवस एकाच शहरात, तीन परंपरांतून आलेले. गाड्यांच्या कॅलेंडरात हे तीन दिवस ठळक छापले आणि जुलै किंवा ऑगस्टच्या पानावर चकचकीत नव्या गाडीऐवजी शेताच्या बांधावर उभी जुनी जीप घेतली, तर ते कॅलेंडर रायपूरचेच होईल, दुसरीकडे कुठेही ते शोभणार नाही. पण असा निर्णय घ्यायला कोणाच्या तरी हाती अधिकार असावा लागतो, आणि तो पुन्हा आगाऊ पैसे भरणाऱ्यांकडूनच येतो. दीडशे जणांच्या ग्रुपवर मत मागितले की जो सर्वांत जास्त बोलतो त्याचे चालते. पैसे भरलेल्या साठ जणांना विचारले की ज्यांच्या भिंतीवर ते कॅलेंडर लागणार आहे त्यांचे चालते.

फोटोंच्या निवडीचेही तसेच. पाने बारा, इच्छुक पन्नास; नाराजी टळत नाही. निवडीचे निकष आधी जाहीर केले तर ती कमी होते, आणि त्यातले काही निकष छपाईच करते. ए-थ्री आकाराचे पान ठसठशीत यायला सुमारे पावणेदोन कोटी बिंदूंचा फोटो लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकसून येतो आणि छापल्यावर फुटतो. पडद्यावर झळकणारा लाल किंवा विजेसारखा निळा रंग चार शायांत तसा उतरत नाही, म्हणून अशा गाडीचा एक नमुना आधी काढून मालकाला दाखवावा. जुन्या गाड्यांना एक पान राखून ठेवायला माझा आग्रह राहील. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि त्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत. जी गाडी रस्त्यावर क्वचितच दिसणार, तिला वर्षातला एक महिना भिंतीवर मिळणे रास्त आहे.

तिसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो. आता डिजिटल मशीनवर प्लेटा लागत नाहीत. पंचवीस प्रती काय, एक प्रतही छापून मिळते. फाइल ग्रुपवर टाकावी, ज्याला हवी त्याने आपल्या चौकातल्या दुकानातून काढून घ्यावी. मग नोंदणी, यादी, खजिनदार या सगळ्याचा खटाटोप कशाला? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मागणी शंभराच्या आत असेल तर डिजिटल छपाईच करावी, ऑफसेटचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण प्रत्येकाने आपापली प्रत काढायची म्हटल्यावर काय होईल ते सहज दिसते. कोणी पातळ कागदावर काढेल, कोणी फक्त आपल्या गाडीचे पान मोठे करून घेईल, बहुतेक जण उद्या काढू म्हणतील. फाइल सर्वांकडे असेल, कॅलेंडर थोड्यांकडे. छपाईने घातलेली किमान प्रतींची अट गेली की तिच्यासोबत तारखेची अटही जाते, आणि तारीख ठरलेली नसली की माणूस ठरवत नाही. म्हणून यंत्र कोणतेही असो, नोंदणीची शेवटची तारीख क्लबाने आपणहून घालून घ्यावी. माझ्या मते ती दसरा असावी. दिवाळीनंतर छापखाने डायऱ्या, कंपन्यांची कॅलेंडरे आणि लग्नपत्रिका यांच्यात बुडतात, आणि उशिरा आलेले छोटे काम मागे ढकलले जाते. दसऱ्याला आकडा पक्का झाला तर १ नोव्हेंबरच्या राज्य स्थापना दिनापर्यंत पाने जुळतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे हाती येतात.

एक हरकत अशी आहे, जिला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. आगाऊ रकमेची अट ज्याची कमाई बेताची त्याला जड जाते. क्लबात सगळेच मोटारमालक नसतात. गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा असतो, गाडी नसलेला पण प्रत्येक मेळाव्याला फोटो काढणारा विद्यार्थी असतो. अट त्यांना बाहेर ठेवत असेल तर क्लबाचेच नुकसान आहे. यावर सवड देणे हा उपाय मला बरा वाटत नाही, कारण एकाला सवड दिली की दहा जण ती मागतात आणि आकडा पुन्हा मऊ होतो. त्यापेक्षा पैसे भरणाऱ्यांनीच दर प्रतीमागे दहा-वीस रुपये जास्त टाकावेत आणि त्यातून ठराविक प्रती आधीच मोजून बाजूला ठेवाव्यात. ज्याचा फोटो छापला त्याची प्रत त्यातून जावी, ज्याने गाड्या उभ्या केल्या, पुसल्या, रस्ता अडवून धरला त्याचीही. या प्रती आकड्यात आधीच धरलेल्या असतात, त्यामुळे हिशेब डळमळत नाही. शंकेचा भाग एवढाच उरतो की कोणाला फुकट द्यायची हे ठरवणारा कोण, आणि घेणाऱ्याला ते दान वाटू नये यासाठी काय करावे. ते प्रत्येक क्लबाला आपल्या माणसांकडे पाहूनच सोडवावे लागेल.

आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी भिंतीवर ते कॅलेंडर पाहून 'मलाही एक द्या' म्हणणारा नक्की येतो. बहुधा तो ग्रुपवर सर्वांत जास्त बोललेला सभासद असतो. त्याच्यासाठी वीस प्रती जास्त छापून ठेवाव्यात, असा मोह दरवर्षी होतो, आणि दरवर्षी तो आवरावा. उरलेल्या वीस प्रतींचे पैसे शेवटी साठ जणांच्या खिशातून जातात आणि वेळेवर पैसे भरणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड पडतो. त्या सभासदाला रागावायचे कारण नाही. पुढच्या नोंदणीची तारीख त्याला सांगावी, आणि त्याच्या गाडीचा एखादा चांगला फोटो असेल तर तो मूळ आकारात आत्ताच मागून घ्यावा.